शिक्क्यापुरतं जाऊन येते

चिंचवडच्या आमच्या घरातून मी तशी पुष्कळदा निघाले आहे. लग्न होऊन निघाले, मग नितीनच्या मागोमाग शारजाला निघाले, मग दर वेळी सुट्टी संपली की निघाले. पण त्या मंगळवारी हातात फक्त खांद्याची एक बॅग होती. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर चार बोटं धरली. म्हटलं, "आई, चारच दिवस. शिक्क्यापुरतं जाऊन येते." तिने डाव्या हाताने माझी चारही बोटं मुठीत घेतली. उजवा हात चालत नव्हता. खाली कॅबवाला हॉर्न देत होता. शेवटी मलाच ती मूठ सोडवावी लागली.

आईने तीस वर्षं खाणावळ चालवली. एमआयडीसीतली पोरं सकाळ-संध्याकाळ आमच्या पुढच्या खोलीत जेवायची आणि आईचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. ती म्हणायची, "पोट भरलं की माणूस उठून जातो, भांडी आपल्यालाच घासायची." अशा बाईचा आवाजच गेला. अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी शारजात होते, इंडस्ट्रियल एरियातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये. दिवसभर कामगारांचं रक्त काढायचं, हेच माझं काम. कुणी सांगायचा, तीन वर्षं झाली गावी गेलो नाही. मी म्हणायचे, "इन्शाल्ला, जल्दी जाओगे," आणि पुढच्याला बोलवायचे. भाऊ मिलिंदचा फोन आला आणि मी बिनपगारी रजा टाकून निघाले.

एक महिना म्हणून आलेली मी सहा महिने राहिले. मिलिंदची नोकरी पाळीची, त्याची बायको अर्चना शाळेत शिपाई. दुपारभर आईजवळ मीच असायचे. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं परत येईल, पण रोज, न चुकता, एकाच माणसाने बोलून घ्यायला हवं. मी तिच्या हातात स्वयंपाकघरातली एकेक वस्तू द्यायचे आणि नाव म्हणायचे. पहिला शब्द आला तो "मीठ." अर्चना ओट्याशी रडायला लागली. मग पाणी, नको, थांब, गॅस. पाचव्या महिन्यात मिलिंदचं नाव आलं. आणि अगदी शेवटी, एका दुपारी, मी तिचे केस विंचरत असताना, "सुमे." माझं नाव सुमेधा, पण सुमे म्हणणारी जगात ती एकटीच होती. एकूण अकरा शब्द झाले होते.

तुमच्यापैकी जे इथे आखातात आहेत त्यांना सहा महिन्यांचा नियम सांगायला नको. जे तिकडे आहेत त्यांच्यासाठी सांगते. कामाच्या व्हिसावर असलेला माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की त्याचा व्हिसा आपोआप मरतो. कुणी कळवतसुद्धा नाही. फक्त ज्यांच्याकडे दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा असतो त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ही अट नाही. तोही कायमचा नव्हे, पण कायमच्याच्या जवळ जाणारं इथे दुसरं काही मिळत नाही. नितीन एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सीनिअर इंजिनिअर. त्याचा अर्ज झाला होता, त्यात माझं आणि आमच्या इराचं नाव होतं, आणि तो महिनोन्महिने "अंडर प्रोसेस" होता.

दिवस मोजणारा नितीनच होता. एकशे सत्तराव्या दिवशी त्याचा फोन आला.

"सुमेधा, आता यायला हवं. एन्ट्रीचा शिक्का घे, दोन दिवस राहा, परत जा. नाहीतर तुझं स्टेटस तुटेल आणि आपली फाईल पहिल्यापासून."

"आणि नाही आले तर?"

"तर तुझी नोकरीही जाईल. बारा वर्षांची. बघ तू."

त्याने "बघ तू" म्हटलं, आणि मी बघितलं. सगळा दोष नितीनवर टाकणं सोपं आहे. मी पुष्कळ दिवस टाकलाही. पण खरं सांगायचं तर मलाही ती नोकरी सोडायची नव्हती. जिचा जन्म खरकटी काढण्यात गेला त्या आईच्या मुलीला पांढरा कोट मिळाला होता. मी तिकीट काढलं.

बुधवारी पहाटे उतरले, एन्ट्री झाली, दुपारी शारजातल्या, अल मजाजच्या आमच्या घरी आले. इरा सोळा वर्षांची, माझ्याहून उंच झालेली. खिडकीतून खाडीचं पाणी तसंच चकचकत होतं. गुरुवारी नितीन म्हणाला, फाईल हलली, तुझ्या बोटांचे ठसे मागितलेत. दोघांनाही आनंद झाला. आम्ही टायपिंग सेंटरमध्ये गेलो. सरकारी अर्ज भरून देणारी ही दुकानं इथे गल्लोगल्ली आहेत. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीनकडे पाहत विचारलं, "मॅडम, टिकट कब का है?"

"शनिवार का."

"अभी एक्झिट मत करो. फाईल बीच में है. बाहर गये और रिजेक्ट हुआ, तो फिर मेरे को मत बोलना."

"कितने दिन?"

"एक हफ्ता, दस दिन. इन्शाल्ला."

मी तिकीट पुढे ढकललं. मग आणखी पुढे. मग रद्दच केलं. दिवसभर क्लिनिकमध्ये रक्त काढायचे आणि मधल्या सुट्टीत फोनवर स्टेटस बघायचे. इरा म्हणायची, "मम्मा, रिलॅक्स. इट्स जस्ट अ फ्यू मोअर डेज." तिला काय सांगणार? आजी तिच्यासाठी सुट्टीतली एक म्हातारी बाई होती.

आईशी बोलायला अर्चनाने फोनवर वेगळं ॲप घेतलं, कारण इथे नेहमीच्या ॲपवरून कॉल लागत नाही. पाचव्या दिवशी आई स्क्रीनवर दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताची चार बोटं वर केली. मी म्हटलं, "हो आई, थोडं काम लांबलंय. येते." दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं. अर्चना म्हणाली, "ताई, दाराची बेल वाजली की पण करतात त्या. दूधवाल्याला पण दाखवली." तेरा-चौदा दिवस ती हेच करत होती. मग एका संध्याकाळी तिने फोन हातात घेतला, पाहिलाच नाही, आणि पालथा घालून चादरीवर ठेवून दिला. मला अंधार दिसत होता आणि पंख्याचा आवाज येत होता. मी "आई, आई" करत बसले.

व्हिसा आला तेहतिसाव्या दिवशी. नितीन केक घेऊन आला. मी त्याच्यासमोर तिकीट काढायला बसले आणि केक तसाच राहिला.

घरी पोचले तेव्हा अर्चना आईला पेज भरवत होती. मी बॅग दारातच टाकली आणि तिच्यापुढे बसले. "आई, आले मी. सुमे आलीय." तिने माझ्याकडे बघितलं. ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं. न ओळखती तर सोसलं असतं. मी अर्चनाच्या हातातला चमचा घेतला आणि आईच्या ओठांजवळ नेला.

"नको," आई म्हणाली.

चमचा परत अर्चनाकडे दिला, तेव्हा आईने तोंड उघडलं.

रात्रीची पाळी असल्याने मिलिंद कपडे करत होता. तो कधी मला उलट बोललेला नाही. बूट घालता घालता, मान वर न करता म्हणाला, "ताई, तू मुळात आली नसतीस तरी चाललं असतं. आम्ही कसंही निभावलं असतं. तू तिला तुझी सवय लावलीस आणि गेलीस."

काय बोलणार होते? फाईल अंडर प्रोसेस होती?

आता माझ्यावर व्हिसाच्या दिवसांचं बंधन नव्हतं. मी आणखी दोन महिने राहिले. रोज दुपारी वाटी, पळी, मिठाचा डबा घेऊन आईजवळ बसायचे. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, म्हणाले, नवीन झटका वगैरे काही नाही, पेशंटने प्रयत्न सोडलाय. ती पुढे वर्षभर जगली. अर्चनाला पाणी मागायची, मिलिंदला हाक मारायची. माझ्या वाट्याला "नको" तेवढा राहिला. पुढच्या वैशाखात ती गेली, तेव्हा मी तिच्या उशाशी होते.

आणि एक सांगायचं राहिलं. नंतर लॅबमधल्या एका मल्याळी बाईशी बोलताना कळलं, तिची फाईल अशीच मध्ये असताना ती आठवडाभर केरळला जाऊन आली. काही झालं नाही. मी टायपिंग सेंटरच्या त्या माणसाला जाऊन विचारलं. त्याने खांदे उडवले. "किसी का होता है, किसी का नहीं होता, मॅडम. रूल तो रोज बदलता है." खरा नियम काय होता, मला आजही माहीत नाही. कुणाला विचारायचं तेही माहीत नाही. ज्या नियमासाठी मी थांबले तो कदाचित नव्हताच.

आज माझ्याकडे दहा वर्षांचं कार्ड आहे. आता मी बाहेर कितीही दिवस राहू शकते, आणि राहायला बोलावणारं कुणी नाही. लोक घराबद्दल हळवं लिहितात. मला तसं जमत नाही. शारजात माझं घर आहे असं कार्ड सांगतं, तेही दहा वर्षांपुरतं. चिंचवडबद्दल मला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. पाहुणे गेले होते, मिलिंद झोपला होता. अर्चनाने आधण ठेवलं. सहा महिने, आणि मग दोन महिने, त्याच ओट्यावर मी तिच्यासाठी चहा केला होता आणि तिने माझ्यासाठी. तिने साखरेचा डबा उघडला, माझ्याकडे वळली आणि अगदी नीट, अदबीने विचारलं, "ताई, तुम्हाला साखर किती घालू?"

मी म्हटलं, "एक चमचा."