पंख्यामागचं धान

विमान शिकताना माझा पहिला घोटाळा पायांचा झाला. सायकलचं उजवं हँडल पुढे ढकललं की सायकल डावीकडे वळते. विमानात पायाखाली दोन दांडे असतात आणि त्यांचं गणित उलटं आहे, डावा दाबला की डावीकडे. आम्ही अजून जमिनीवरच होतो. डावीकडे वळायचं म्हणून मी जोरात उजवा पाय दाबला आणि विमान थेट बेशरमच्या झुडपांकडे निघालं.

"सायकल इसर व!" बाजूच्या सीटवरून मोठे बाबा ओरडले. "चिखलातल्या फळीवर उभी हायस असं समज!"

धानाच्या रोवणीआधी बांधीतला, म्हणजे शेतातला चिखल सपाट करायला बैलांमागे लाकडी फळी ओढतात. लहानपणी मी तिच्यावर उभी राहिलेली आहे. डाव्या पायावर भार दिला की ती बाजू रुतते आणि सगळं लटांबर डावीकडे वळतं. तेवढं मला समजलं. बाकीचं समजलं असं मी आजही म्हणणार नाही.

विमान आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. त्यांची राइस मिल होती, तेंदूपानाचे ठेके होते. एका फ्लाइंग क्लबनं काढून टाकलेलं दोन सीटचं, कापडी पंखांचं विमान त्यांनी लिलावात घेतलं. कायले घेतलं, हे आमच्या घरात तीन जण तीन तऱ्हेनं सांगतात. त्यांना स्वतःला उडवता येत नव्हतं, म्हणून थोरल्या मुलाला शिकायला पाठवलं. तेच माझे मोठे बाबा. पुढे कितीतरी वर्षं ते क्लबात शिकवत होते आणि निवृत्त झाल्यावर विमानाच्या मागे मागे गावी आले. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या भावानं शेती घेतली आणि विमानाला हात जोडले, तेव्हा विमान माझ्या वाट्याला आलं. मला कोणी विचारलं नव्हतं. भावाला शेत आणि बहिणीला कापडी विमान, यावरच खरं तर एक पत्रक निघालं असतं.

कारण मी पत्रकं लिहायचे. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि गावात मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं तरच यायची. शेतकऱ्यांच्या संघटनेत मला शिकवलं होतं की पहिल्या ओळीत अन्याय कोणी केला ते सांगायचं, शेवटच्या ओळीत मागणी करायची, आणि मधे रडायचं नाही. आमचा झगडा गावाबाहेरच्या धावपट्टीचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती पट्टी सरकारच्या कागदावर धावपट्टी होती आणि गावाच्या लेखी खळं. दिवाळीनंतर अख्खं गाव तिथे धान चुरायचं, म्हणजे मळायचं, आणि वाळवायचं. कोणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, ते दगड मांडून ठरलेलं होतं. पश्चिमेकडचा अर्धा भाग विमानासाठी रिकामा सोडायचा, हेही ठरलेलं. आता सरकारचं त्या सगळ्याला तारेचं कुंपण घालायचं चाललं होतं. धान आत आणायला बंदी, आणि का म्हणून विचारलं तर उत्तर नाही.

त्या खळ्यावर एक पद्धत होती, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ऐन धान उडवायच्या दिवसांत आमच्याकडे हवा पडते. बायका सूप वर धरून उभ्या राहतात आणि भुसा सरळ पायाशी पडतो. मोठ्या बाबांना आठवड्यातून एकदा इंजिन चालवून गरम करावंच लागायचं. मग ते विमानाची शेपटी मोहाच्या झाडाला दोरखंडानं बांधायचे, चाकांपुढे दगड लावायचे, आणि पंख्याची हवा जिथे मागे फेकली जाते तिथे बायका सूप घेऊन रांगेनं उभ्या राहायच्या. विमानाच्या पुढे कोणी जायचं नाही, हा एकच कायदा होता. तो मोडणाऱ्याला मोठे बाबा चप्पल फेकून मारायचे, मग तो सरपंच का असेना.

त्या वर्षी मोठे बाबा दोराजवळ उभे होते आणि सीटवर मी. हातात थ्रॉटल.

"अवं पायलट, झोपली का?" शेजारची काकू ओरडली. "हवा दे!"

मी दिली.

"बस व बस! धानच चाललं उडून! तुया बापाचं हाये का?"

मी कमी केली. तासाभरात चार घरांचं धान साफ झालं. मला ते इतकं आवडलं की मी ते पत्रकात घातलं. 'ही पट्टी आमचं खळं आहे. इथे उभ्या विमानाच्या पंख्यावर आमच्या बाया धान उडवतात. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही, ते इथे कुंपण कोणासाठी घालून राहिले?' गोंदियाच्या बाजारात मी स्वतः ते वाटलं. एका दुकानदारानं वाचून विचारलं, "सच में? हवाई जहाज से?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "सच में."

महिन्यानंतर मोठ्या बाबांना विमान खात्याची नोटीस आली. सोबत माझंच पत्रक होतं, दोन ओळी लाल पेनानं अधोरेखित केलेल्या. चालू पंख्याजवळ लोक जमवले, विमान भलत्या कामाला वापरलं, तर उड्डाणाचा परवाना का थांबवू नये, असं विचारलं होतं. खाली आणखी एक ओळ होती, की कुंपण कशासाठी लागतं ते या पत्रकावरूनच दिसतं.

मी ती नोटीस चार वेळा वाचली. पत्रकातलं एक वाक्य खोटं नव्हतं. मग चिडायचं कोणावर? आयुष्यात पहिल्यांदा चिडायला मला समोर माणूस सापडेना. काकू म्हणाली, "सांगून दे ना, गंमत म्हनून लिवलं होतं." संघटनेतला एक जण म्हणाला, माघार घेतली तर आपल्या कागदावर पुढे कोण विश्वास ठेवेल? दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचाही राग येत होता. मोठ्या बाबांनी नोटिशीला जवाब लिहून पाठवला. मला दाखवला नाही.

नोटिशीवरच्या सुनावणीच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही एक चक्कर मारून उतरलो. इंजिन चालू असतानाच त्यांनी पट्टा सोडला आणि ते खाली उतरले.

"एक चक्कर मार आन् वापस ये."

"एकटी?"

"मंग का बारात नेतं? मायं वजन नाई, तं लवकर उठंल ते. घाबरजो नको."

माझ्याकडे शिकाऊ परवाना होता आणि उडायचे तास भरले होते, तेवढंच मला ठाऊक होतं. आजच का, हे मला हवेत गेल्यावर समजलं. परवाना राहील असं त्यांना वाटतच नव्हतं. विमान खरंच लवकर उठलं. खाली बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, चमकत होत्या, रेल्वे लाइनवर मालगाडी उभी होती, सालेकसाच्या बाजूला जंगल. पट्टीवर पिवळ्या धानाचे चौकोन. एवढी पत्रकं लिहिल्यावर वरून तरी मला दिसायला हवं होतं की ही जमीन कोणाची. दिसलं नाही. पूर्वेकडे खळं होतं, पश्चिमेकडे धावपट्टी, आणि मला दोन्ही हवं होतं. उतरताना तीन उड्या बसल्या. मोठ्या बाबांनी वाकून चाकं पाहिली.

सुनावणीला साहेबांनी चहा मागवला. रागीट माणूस भेटला असता तर सोपं गेलं असतं.

"मॅडम, ये पर्चा आपने लिखा है?"

"हो."

"जो लिखा है, सच है?"

"अक्षरन् अक्षर."

त्यांनी फाइलीचं पान उलटलं. "तो इंजन चालू था तब सीट पर आपके ताऊजी थे?"

"नाही," मी म्हटलं. "मी होते."

मोठ्या बाबांनी डोळे मिटले. साहेबांनी फाइल माझ्याकडे फिरवली. समोर मोठ्या बाबांचा जवाब होता, त्यांच्याच अक्षरात. सीटवर मी स्वतः होतो, मला तीस वर्षांचा अनुभव आहे, पुतणीचा यात संबंध नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"आप दोनों में से किसका लिखूँ?"

"इसका लिखो, साहब," मोठे बाबा म्हणाले.

दोघांचेही परवाने थांबले. माझा, नियम मोडला म्हणून, आणि त्यांचा, खोटं लिहून दिलं म्हणून. बाहेर पायऱ्यांवर मी त्यांच्यावरच ओरडले, "मला जवाब दाखवला का नाही?"

"दाखवला असता तं तू खोटं बोलली असती का?"

"नाही."

"मंग कायले दाखवू?"

आम्ही बस स्टँडकडे चालू लागलो. ते माझ्यावर रागावले होते की नाही, मला विचारता आलं नाही. माझं चुकलं की नाही, हे तर मी स्वतःलाही आजवर नीट विचारलेलं नाही.

विमान हलवून पट्टी रिकामी करायला आम्हाला आठ दिवस मिळाले. आम्ही पंख सोडवले आणि विमान मिलच्या गोदामात न्यायचं ठरलं. पंख लांब असतो, पण वाटतो तेवढा जड नसतो. खळ्यावरच्या बायकांनीच तो उचलला. पुढे काकू आणि दोघी, मागच्या टोकाला मी.

"पुढच्या साली हवा पडली तं का करू व?" काकूनं मागे न पाहता विचारलं.

"अर्ज केला आहे," मी म्हटलं. "परवान्याचाही केला आणि कुंपणाविरुद्धही."

"अर्जानं भुसा उडते का?"

बाकीच्या हसल्या. मी तावातावानं सांगायला लागले, की कुंपण अजून लागलेलं नाही, आपण सगळ्यांनी सह्या केल्या तर...

"सही करतो ना, नाई कोन म्हनते?" काकू म्हणाली. "पैले तुयं टोक वर धर. जमिनीले घासून राहिलं."