सोन्याच्या गावचा सिरका

सोन्याच्या गावी जाऊन सिरका घेऊन परतलेला माणूस सबंध दुबईत एकच होता, आणि तो माझ्या खोलीत राहायचा. खैरुद्दीन. मूळचा दाभोळचा; दहा वर्षं आगबोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. पासष्ट सालच्या त्या हिवाळ्यात खाडीकाठी ज्याच्या त्याच्या तोंडी सोनं असायचं. रोज कुणीतरी विचारायचं, "काय रे खैरू, ऑस्ट्रेलियातून किती आणलंस?" हा म्हणायचा, "एक बाटली."

हकिकत अशी. त्याची बोट मेलबर्नला दुरुस्तीसाठी दीड महिना अडकली. चीफ इंजिनिअर साहेबाला याच्या कालवणाची चटक; त्याने याला थेट आपल्या गावी नेलं. शंभर वर्षांपूर्वी तिथं सोन्यासाठी जगभरची माणसं लोटली होती. डोंगर अजून घुशी लागल्यासारखे पोखरलेले. साहेबाने याच्या हातात पत्र्याची परात देऊन ओढ्यात उभं केलं. "दिवसभर वाळू चाळली," खैरू सांगायचा, "मोहरीएवढं काहीतरी चमकलं, तेवढ्यात मला शिंक आली. खलास!" सोनं संपल्यावर लोकांनी त्याच मातीत द्राक्षं लावली, आता ते गाव दारूसाठी नावाजलेलं. निघताना साहेबाच्या म्हाताऱ्या आईने घरचा सिरका, साहेबाच्या भाषेत व्हिनेगर, दिला, तो दारूच्याच बाटलीत. त्या घरात दुसरी बाटली असणार कुठून?

पुढे बोट सोडून खैरू दुबईत एका कंपनीच्या मेसमध्ये लागला. खाडीकाठच्या देरा भागातले कापडवाले अलीमियाँ आमच्याच रत्नागिरीकडचे. त्यांच्या मुलीशी, कुबराशी, त्याच्या लग्नाचं बोलणं झालं. पोरगी त्याने एकदाच ओझरती पाहिली होती, पण तेव्हापासून भातात मीठ दोनदा पडायला लागलं होतं. तारीख ठरवायला अलीमियाँनी आम्हा दोघांना जुम्म्याच्या नमाजानंतर जेवायला बोलावलं. खैरूने सकाळीच ती बाटली भेट म्हणून होणाऱ्या सासूकडे, मैमुनाबींकडे पोचवली.

जेवायला चौथे होते हमदुल्लाभाई. त्यांना कुबरा आपल्या पुतण्यासाठी हवी होती, आणि खैरूत खोट शोधायचं काम ते मन लावून करत. त्या दिवशी मात्र सुरमईचा तिसरा तुकडा उचलून म्हणाले, "भाभी, फर्स्ट क्लास! आंबट काय लावलंत? कोकम नव्हे हे."

"खैरूने आणलेला सिरका," मैमुनाबी म्हणाल्या, आणि कौतुकाने बाटली आणून समोर ठेवली.

हिरवी काच, लांब मान, लेबलावर द्राक्षांचा घोस. हमदुल्लाभाईंचा हात ताटातच थांबला.

"अलीमियाँ, ही दारूची बाटली आहे."

"बाटली दारूची, चाचा, आत सिरका," खैरू म्हणाला. "वास घ्या ना."

अलीमियाँनी वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं. "सिरकाच आहे."

"असेल. पण दारूचा केलेला ना? आपण कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, अलीमियाँ. लहानपणी शिकलो ते विसरलात? दारूचा आपोआप सिरका झाला तर हलाल. कुणी त्यात काही टाकून केला, तर नापाक. हनफी पंथाचे भाई चालवून घेतील, आपल्याला चालत नाही." मग खैरूकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बोल बेटा. कसा झाला?"

खैरूचा चेहरा उतरला. सिरका म्हणजे सिरका, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हा सवाल त्याला शिवलाच नव्हता. मला मात्र उत्तर ठाऊक होतं, कारण ती गोष्ट मी त्याच्या तोंडून वीस वेळा ऐकली होती. म्हातारीने सिरक्याच्या जुन्या बरणीतली जाड साय काढून याच्यादेखत विरजणासारखी नव्या दारूत सोडली होती.

आता खरं बोलायचं म्हणजे होणाऱ्या सासऱ्याला तोंडावर सांगायचं, की मी तुम्हाला तुमच्याच घरात नापाक खाऊ घातलं. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. एकच शब्द हवा होता: आपोआप. ती म्हातारी काही दुबईत साक्षीला येणार नव्हती.

आत कुबराच्या हातातलं भांडं वाजेनासं झालं.

"टाकलं होतं, चाचा," खैरू म्हणाला. "जुन्या सिरक्याची साय. मी पाहिलं होतं."

मी मनातल्या मनात त्याचं सामान बांधलं.

"या अल्ला!" हमदुल्लाभाई उठले. "आता हेही विचारा, की दारूच्या गावात राहून याने काय काय चाखलं!"

अलीमियाँनी हातातला घास ताटात ठेवला. मग उठून चूळ भरली, बाटली घेतली आणि अंगणातल्या वाळूत उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत सगळे नुसते बघत होतो.

"हमदुल्ला," ते तिथूनच म्हणाले, "काय विचारू याला? एक खोटा शब्द बोलला असता तर सुटत होता. तेवढंही जमलं नाही गाढवाला."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या जुम्म्याला निकाह. साक्षीला दोघं लागतात. एक हा मुश्ताक, खैरूच्या खोलीतला. दुसरा तू."

हमदुल्लाभाई पुन्हा खाली बसले.

"मैमुना," अलीमियाँ ओरडले, "सगळी भांडी सात पाण्यांनी धुवा! आणि हमदुल्लाला आधी चूळ भरायला पाणी द्या. तीन तुकडे खाल्लेत त्याने."