सहाच्या थप्पीचा राजकुमार

आमच्या धान खरेदी केंद्रावर राजकुमार पंधरा वर्षे कट्टे, म्हणजे धानाची पोती, मोजत आला. थप्पीत एका ओळीला सहा कट्टे, ही त्याची शिस्त. तो फक्त ओळी मोजायचा आणि सहाने गुणायचा. चूक कधी झाली नाही. हाच माणूस मोबाईलवर पाहून पाहून जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा शिकला आणि त्याने केंद्र चालवणाऱ्या संस्थेसाठी टोकनचे पान बनवले. शेतकऱ्याला लिंक जाते, ती दाबली की त्याच्या पाळीचा नंबर मोठ्या आकड्यांत दिसतो. सचिव म्हणून मीच मंजुरी दिली होती.

कोंढा आणि आसगाव या गावांचे काम सुरळीत झाले. मग एका सकाळी अड्याळच्या लिंका गेल्या आणि दुपारी तिथल्या पार्वताबाई भरलेली ट्रॉली घेऊन फाटकात उभ्या. त्या दिवशी एकेचाळीस ते साठ नंबरांची पाळी होती. सत्तेचाळीसवर आसगावचे परसराम आधीच कट्टे उतरवत होते.

"माह्या मोबाईलवर बी सत्तेचाळीसच हाय साहेब. पाहून घ्या."

रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर एकशे सत्तेचाळीस, म्हणजे पाच दिवसांनी. ट्रॉली शेजाऱ्याची, उद्यापासून ती मिळणार नव्हती. आज परत गेल्या तर धान अंगणात उघड्यावर पडणार.

मी त्यांची लिंक वाचली. शेवटी होते: ?gav=adyal&token=147. राजकुमारला बोलावले.

"टोकनपुढे एकशे सत्तेचाळीस मले चष्म्याशिवाय दिसते. तुह्या पानाले काहून दिसत नाही?"

"पान वाचत नाही ना साहेब. प्रश्नचिन्हापासून अठरा अक्षरं सोडते, मंग उरलं ते घेते."

"अठराच काहून?"

"कोंढ्याचं मोजलं, अठरा आलं. आसगावचं बी अठरा. थप्पी पक्की वाटली."

"kondha सहा अक्षरं, asgaon सहा. adyal किती?"

तो बोटांवर मोजू लागला. पाच. एक अक्षर कमी पडले, म्हणून अठरा सोडताना टोकनमधला पहिला आकडा, १, तोही गेला आणि सत्तेचाळीस उरले.

"घरी कोणाले बोलवाचं तं नाव घेऊन हाक मारतेत," पार्वताबाई म्हणाल्या. "दारातून तिसरा माणूस ये, असं कोणी म्हणते का रे बापू?"

मला हसू आले नाही. अड्याळच्या अठ्ठेचाळीस जणांना फोन करायचे होते. राजकुमारने पंधरा मिनिटांत दुरुस्ती केली. URLSearchParams ही सोय जावास्क्रिप्टमध्ये आधीपासूनच होती म्हणे. तिला get('token') म्हटले की ती नाव शोधून त्यापुढचा आकडा हातात देते, गावाचे नाव कितीही लांब असो.

"मंग इतके दिवस अक्षरं कायले मोजली?"

"मोजणं येत होतं साहेब."

पान सुधारले तरी पार्वताबाईंचा नंबर अलीकडे सरकत नव्हता. राजकुमारचे स्वतःचे टोकन त्याच दिवसाचे होते, अठ्ठावन्न. त्याचे धान अजून घरीच होते. त्याने अदलाबदलीचा अर्ज लिहिला आणि माझ्यासमोर सरकवला. मी सही केली. ट्रॉली आत आली.

पाच दिवसांनी त्याचे धान आले. मी हमालांना मुद्दाम पाचाची थप्पी लावायला सांगितले. राजकुमार ओळी न मोजता एकेका कट्ट्यावर हात ठेवून मोजत गेला.