पाठीवरचा पट्टा

टाकेबाईंच्या दुकानात शिरायचं म्हणजे दारातच वाकावं लागे. आडव्या दांडीला पाण्यात घालायची जॅकेटं टांगलेली असत, लाल, पिवळी, केशरी, फुगीर आणि बहुतेक वेळा ओलसर. पँटची उंची कमी करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कोणाच्या तरी काखेखालून आत यायचं.

"शिंप्याचं दुकान आहे की कोळ्याचं?" सासूबाई दिवसातून एकदा तरी विचारायच्या. मागच्या खिडकीपाशी बसून जुन्या कपड्यांची बटणं काढून डब्यात टाकणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम होतं, आणि सुनेच्या गिऱ्हाइकांवर शेरे मारणं हे न घेताच आलेलं.

बाईंचं खरं नाव गावात फारसं कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी घातलेला टाका उसवत नाही म्हणून त्या टाकेबाई. या नावाचा त्यांना अभिमान होता. कापड फाटेल, पण शिवण जागची हलायची नाही, असं त्या स्वतःच सांगत.

पंधरा वर्षांपूर्वी मात्र हे ऐकायला दुकानात कोणी येत नव्हतं. नवऱ्याचा छापखाना बंद पडून तो घरी बसला होता. चौकात तयार कपड्यांचं मोठं काचेचं दुकान झालं आणि शाळेचे गणवेश तिकडे गेले. दुपारदुपार मशीनवर कापड चढायचं नाही. बाई उगीच तेल घालत बसायच्या. अशाच एका दुपारी एक आडव्या बांध्याचा माणूस भिजलेलं जॅकेट घेऊन दारात उभा राहिला. खांद्याशी वीतभर फाटलेलं.

"तीन जणांनी परत पाठवलंय," तो म्हणाला. "आत फोमच्या जाड पट्ट्या आहेत. सुई मोडते म्हणतात."

"मोडली तर माझी मोडेल. तुमचं काय जातंय? ठेवून जा."

सुया तीन मोडल्या. पण बाईंनी ते जॅकेट शेवटच्या शिवणीपर्यंत उसवलं, सगळे तुकडे जमिनीवर मांडले, कुठला कुठे बसतो ते बघितलं आणि पुन्हा जोडलं. सुती दोरा पाण्यात कुजतो, नायलॉनचा टिकतो. सुईची भोकं फार जवळ पाडली तर कापडच फाटत जातं. हे त्यांना कोणी शिकवलं नाही, त्या जॅकेटानंच शिकवलं. पुढच्या आठवड्यात तो माणूस आणखी दहा घेऊन आला. सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याच्या मंडळाकडे तेव्हा हवेनं फुगवायच्या दोन राफ्ट होत्या आणि एकेका माणसानं बसायच्या चार कयाक.

त्या काळात नदीवर कोणी हौसेनं जात नसे. पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावत. वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्यामुळे पाणी सोमवारी लाल आणि गुरुवारी निळं असे. नवरा म्हणायचा, आपल्याला कॅलेंडरची गरज नाही. कप्तान आणि त्याची माणसं मात्र दर रविवारी राफ्टमधून उतरत आणि फांद्यांना लोंबणारं प्लास्टिक काढून पोती भरत. पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून ते सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. चार वर्षं लोक हसले. पाचव्या वर्षी कारखान्याला पाणी गाळून सोडावं लागलं. सातव्या वर्षी पहिल्या शर्यती झाल्या. धरणाचे दरवाजे उघडले, खडकांमधून पांढरं पाणी उसळत आलं, आणि आजवर नाक दाबून गेलेले लोक कठड्याला टेकून टाळ्या वाजवायला लागले.

दहाची दोनशे जॅकेटं झाली. मुलीचं शिक्षण त्यांवर झालं, नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यांवर झालं. "ज्या नदीकडे आम्ही ढुंकून बघत नव्हतो, तिनं आम्हाला वर काढलं," असं बाई कोणालाही सांगत. आणि तरी घाटाच्या शेवटच्या पायरीखाली त्या कधी उतरल्या नव्हत्या. पाण्याची भीती होती. जॅकेटं पाण्यात काय करतात हे त्यांना ऐकूनच ठाऊक होतं.

यंदा शर्यतींच्या आदल्या आठवड्यात कप्ताननं स्वतःचं नवं जॅकेट पाठवलं. खांद्याची शिवण थोडी सुटली होती, तेवढीच घालायची होती. हे जॅकेट इतरांपेक्षा निराळं होतं. कमरेवरून एक रुंद पट्टा फिरला होता, पाठीमागे पट्ट्यात एक कडी ओवलेली, आणि पुढे बकलाला लाल गोळा. बाईंनी खांदा शिवला. मग त्यांच्या लक्षात आलं की पाठीवरचा पट्टा नुसताच कापडाच्या छोट्या लुप्यांतून ओवलेला आहे, कशालाच शिवलेला नाही. कडी डावीउजवीकडे सरकत होती.

"बघा आई, एवढं महागाचं जॅकेट, आणि कारखान्यात शिवायचं विसरले."

"कारखानेच ते. त्यांना काय, विकलं की सुटले," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी कडी पाठीच्या बरोबर मध्यावर आणली आणि दोन्ही बाजूंना पट्टा जॅकेटला टाचून टाकला. चौकोन, त्यात फुली, वर आणखी एक फेर. याचे पैसे लावले नाहीत. कप्तानचं काम होतं, तेवढं मायेनं करायचंच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी धरण बंद असतं, पाणी कमी असतं. त्या दिवशी मंडळ नदी साफ करतं, मगच शर्यत, हा त्यांचा नेम. दरवर्षी बाई दुकानातून हलत नसत. या वर्षी सासूबाईंनी हट्ट धरला की मरायच्या आधी एकदा हा तमाशा बघायचाय. म्हणून दुकानाला कुलूप लावून, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन दोघी सकाळी नदीवर आल्या.

काठावर वीसेक नवे स्वयंसेवक गोळा झाले होते. मंडळाचे मास्तर, म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले एक उंच गृहस्थ, त्यांना सगळं समजावून सांगत होते. वर म्हातारी नावाच्या खडकाखाली जुनं मासेमारीचं जाळं अडकलं आहे. उद्या त्यात एखाद्याचं वल्हं किंवा पाय गुंतला तर संपलंच. म्हणून कप्तान दोर बांधून उतरणार आणि ते कापणार.

"म्हातारी कोण म्हणालात?" सासूबाई खुर्चीतून बोलल्या.

"खडक हो, आजी."

"मग ठीक आहे."

मास्तरांनी अंगातल्या जॅकेटाची पाठ सगळ्यांकडे केली. तसाच पट्टा, तशीच कडी. "दोर या कडीत अडकवायचा. दुसरं टोक काठावरच्या चौघांच्या हातात. आता समजा, प्रवाहाचा जोर वाढला. दोर ताणला की तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबतो. मग काय करायचं? हा लाल गोळा ओढायचा." त्यांनी ओढला. पट्टा सर्रकन लुप्यांतून निघाला, कडी सुटली, सगळं वाळूत पडलं. "माणूस मोकळा. हा पट्टा सुटलाच पाहिजे. न सुटणारा पट्टा म्हणजे गळ्यातला धोंडा. आणि काही बिघडलं, कोणालाही थांबवायचं असलं, तर तीन शिट्ट्या."

बाईंच्या हातातलं थर्मासचं झाकण भरून वाहत होतं. चहा बोटांवर सांडला तेही त्यांना कळलं नाही.

"कप्तान कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ते काय, वर. उतरले असतील एव्हाना."

बाई पळाल्या. पन्नाशीची बाई, घरातल्या चपला घालून, गोट्यांवरून. एक चप्पल मागे राहिली. वळणाशी आल्यावर त्यांना दिसलं, कप्तान कमरेएवढ्या पाण्यात होता, दोर पाठीला, चौघे दोर धरून, आणि तो खडकाकडे सरकत होता. बाईंनी हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही. वाटेत एक अनोळखी माणूस जॅकेट घालून उभा होता. शिट्टीचा खिसा डाव्या खांद्याखाली असतो, हे बाईंना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं, असे शेकडो खिसे त्यांनी शिवले होते. त्यांनी सरळ त्याच्या छातीला हात घातला, शिट्टी ओढून तोंडात धरली आणि फुंकली. तीनदा. मग पुन्हा तीनदा. फुंकत फुंकत त्या पुढे गेल्या ते पाणी पोटऱ्यांना लागल्यावरच थांबल्या.

चौघांनी दोर मागे घेतला. कप्तान निथळत काठावर आला.

"काय झालं, ताई?"

"ओढा तो गोळा."

त्यानं ओढला. बकल सुटलं, पट्टा दोन बोटं सरकला आणि अडकला. त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला. काही हललं नाही.

"मी शिवलाय," बाई म्हणाल्या. श्वास पुरत नव्हता. "कोणी सांगितलं नव्हतं. कडी सरकत होती म्हणून. मला वाटलं विसरलेत."

तोवर खालची माणसंही येऊन पोचली होती. पंधरा वर्षांचं नाव या एवढ्या लोकांसमोर गेलं, असं बाईंना वाटलं, आणि जावंच असंही वाटलं. कप्तान खडकावर बसला. जॅकेट काढून त्यानं पाठीवरच्या त्या चौकोनी शिवणीवरून अंगठा फिरवला.

"काय शिवण आहे," तो म्हणाला. "चूक माझीपण आहे. उतरायच्या आधी काठावर एकदा ओढून बघायचं, हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. आज नाही बघितलं. म्हटलं, टाकेबाईंकडून आलंय, बघायचं काय."

बाईंच्या पर्समध्ये शिवण उसवायची छोटी सुरी कायम असे. त्यांनी तिथंच, ओल्या पायांनी, जॅकेट मांडीवर घेतलं. दोरा सुटता सुटत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या टाक्याचा राग आला. दहा मिनिटं गेली. वीस माणसं उभी राहून एका बाईला उसवताना बघत होती. शेवटचा धागा निघाला तसा कप्ताननं पट्टा लावला, ओढला, पुन्हा लावला, ओढला. तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः ओढला. मग कप्तान पाण्यात गेला.

जाळं निघायला तासभर लागला. चिखलानं जड झालेला हिरवा ढीग, त्यात माशांचे काटे, एक बूट आणि खुर्चीचा पाय. त्याच्या तळाशी एक कासव जिवंत होतं. मास्तरांनी ते सोडवून शांत पाण्यात ठेवलं, तेव्हा मागून चप्पल घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "याला कोणी टाचलं होतं?" पहिल्यांदा कप्तानच हसला.

शर्यती पार पडल्या. सोमवारी सकाळी बाईंनी दुकान उघडलं. दांडी रिकामी होती. ती अशीच राहणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. दहाच्या सुमारास दाराशी कोणीतरी वाकलं. कप्तान दोन्ही खांद्यांवर मिळून सहा जॅकेटं घेऊन आला होता, सगळी तशीच, पट्ट्यांची.

"ही तपासायचीत. दोन जॅकेटांच्या शिवणी ढिल्या आहेत."

"माझ्याकडे?" बाई म्हणाल्या. "कप्तान, दुसरे चांगले शिंपी आहेत की."

"असतील. चुकल्यावर कोणी एका चपलेवर पळत येईल का सांगायला?" त्यानं जॅकेटं टेबलावर ठेवली. "पण यापुढे नदी साफ करायच्या सकाळी तुम्ही काठावर हव्यात. सगळे पट्टे तुम्हीच ओढून बघायचे."

बाईंनी मान डोलावली. त्यांनी पहिलं जॅकेट पुढे ओढलं आणि चष्मा लावला. सुईला हात घालण्याआधी त्यांनी बोटानं एक छोटी लुपी दाखवली.

"हे कशासाठी आहे?"

कप्ताननं सांगितलं.

"आणि हे?"

तेही सांगितलं. पंधरा वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. तो स्टूल ओढून बसला. एकेक बकल, एकेक लुपी, सगळं. जेवायची वेळ झाली तसं सासूबाईंनी मागून विचारलं, "आता कप्तानला घरीच ठेवून घेणार का?"

"थांबा आई. या इकडे जरा."

बाईंनी जॅकेट अंगात घातलं, बकल लावलं आणि पाठ वळवली. "कडी धरून ओढा."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी कडी धरली आणि मनापासून ओढली. बाईंनी गोळा खेचला. पट्टा सर्रकन निघाला, आणि सासूबाई कडी हातात घेऊन बटणांच्या डब्यावर जाऊन बसल्या.

"सुटतोय," बाई कप्तानला म्हणाल्या. "आता दुसरं द्या."