पेनहॅलोचं पारायण

माझी शेजारीण पद्मावती, जे. पी. नगरातल्या आम्हा सगळ्यांची पद्मक्का, गेली दोन वर्षं रोज सकाळी एका जुन्या इंग्रजी युद्धनौकेचा इतिहास मोठ्याने वाचत होती. हौस म्हणून नव्हे. तिचे सत्त्याऐंशी वर्षांचे वडील, भगवंतराव, तो ऐकल्याशिवाय तोंडात घास घालत नसत.

नौकेचं नाव ‘पेनहॅलो’. १८९१ साली पाण्यात उतरलेली क्रूझर. भगवंतरावांचे आजोबा घरातून पळून जाऊन तिच्या बॉयलरवर कोळसा टाकायला लागले होते. एवढ्याशा नात्यावर भगवंतरावांनी निवृत्तीनंतर अकरा वर्षं पत्रं पाठवून, नोंदी मागवून सत्तर पानी वही लिहिली. झांजीबारला किती दिवस थांबली, नांगर कुठे हरवला, सगळं. मी ती चाळली आहे. जांभई आवरत नाही.

पुढे त्यांची आठवण उतरणीला लागली. दिवसभर वही घेऊन लेकीच्या मागे, हे वाच, ते वाच. वैतागून पद्मक्का एकदा म्हणाली, “अण्णा, पोथीसारखं वाचू या. दिवसातून एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्येच मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. जेवण त्यानंतर.” स्वतःच्या हाताने स्वतःला कोंडून घेतलं बाईने! अण्णा नातेवाइकांची नावं विसरले, हा नियम विसरले नाहीत. वाचन दोन तासांचं. दाराची बेल वाजली, पद्मक्का उठली, की परत येईपर्यंत अण्णांनी वहीचं पहिलं पान काढून ठेवलेलं असे.

तिच्या लेकीचं, केतकीचं, पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, पण पेनहॅलोपायी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला सासरीच झालं. निदान बारशाला तरी जायचंच, असं पद्मक्काने ठरवलं. दुपारी बाराला बाळ पाळण्यात घालणार होते. मी तिला गाडीतून नेणार आणि आमचे हे अण्णांपाशी बसणार.

त्या दिवशी ती सहालाच वाचायला बसली. गॅसवाला आला. पुन्हा १८९१. वरची कानडी बाई डब्यात “स्वल्प”, म्हणजे थोडीशी, साखर मागायला आली. पुन्हा १८९१. दहाला मी पोचले, तेव्हा ती एकाच ओळीवर अडून रडत होती: १९०२ ते १९०८, राखीव ताफ्यात, बंदरात बांधून ठेवलेली. सहा वर्षं आणि एवढीच ओळ. माझा पारा असा चढला की वही खिडकीबाहेर भिरकावावीशी वाटली.

पद्मक्काने डोळे पुसले, उरलेली पानं एकदम उलटली आणि शेवटची ओळ वाचली. “१९१२. मोडीत काढली. संपलं, अण्णा.”

“मधलं सोडलंस,” अण्णा म्हणाले.

“हो, सोडलं. केतकीच्या बाळाचं बारसं आहे. मला जायचंय. अण्णा, मला रोजच कुठेतरी जावंसं वाटतं, आणि मी इथे बसते!”

अण्णांनी वही मिटली आणि तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांची नजर स्वच्छ होती.

“मग जा की. सरी, चालेल, मला आधी वाढ. मला आठलाच भूक लागते, पद्मा. तुला वाचायला आवडतं, म्हणून मी ऐकत बसतो.”

तिने ताट वाढलं. अण्णा भराभर जेवले, दोनदा भात मागून घेतला. बारशाला आम्ही जेमतेम वेळेत पोचलो.

“दोन वर्षं गं,” वाटेत पद्मक्का म्हणाली. “आणि त्यांना भूक लागायची.”