लुकलुकणारं दूध

"लुकलुकतंय की ओ पावणं."

हे तो संगणकाला म्हणायचा. संगणकाला अहो-जाहो आणि आम्हाला अरे-तुरे. म्हणताना पडद्याकडे बघायचाही नाही. रुसलेल्या व्याह्यासारखी मान वळवून, खिडकीबाहेरच्या नारळाकडे बघत बसायचा. "सरळ बघितलं की डोळा फसतोय," तो सांगायचा. "लुकलुक दिसती ती डोळ्याच्या कडंनं." करून बघा तुम्हीही. खरं आहे.

उद्यमनगरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात तो प्रोग्राम लिहायचा आणि मी गिऱ्हाइकांशी बोलायचो. गडमुडशिंगीच्या वाटेवरच्या एका डेअरीचं काम आलं. टाक्या, पाइप, पाइपातून वाहणारं दूध, सगळं संगणकावर हलतं दिसायला हवं होतं. डेअरीचा संगणक मात्र असा जुना, की चालू करताना त्याची माफी मागावी.

आधी त्यानं दर वेळी सगळा पडदा पुसून नवं चित्र काढलं. दूध वाहायचं सोडून डोळे मिचकावू लागलं. मग चित्र मेमरीत गुपचूप पुरं करायचं आणि तयार झालं की एकदम पडद्यावर ठेवायचं, असं केलं. लुकलुक गेली, पण संगणकाला धाप लागली. शेवटी टाक्या-पाइप एकदाच काढून ठेवले आणि दुधाचे थेंब तेवढे पुन्हा पुन्हा काढले. झकास. फक्त पंपाचं रीडिंग यायला उशीर झाला की दूध क्षणभर अडखळायचं. तेही त्याला सोसेना. नवं रीडिंग येईपर्यंत जुन्याच वेगानं वाहत राहायचं, अशी चाल त्यानं दुधाला लावून दिली.

"अरे, डेअरी आहे, सिनेमा नव्हे," मी म्हणालो.

"गप बस रे. दूध अडखळतंय व्हय कधी?"

डेअरीत पडद्यासमोर बसायचे त्यांना सगळे मामा म्हणायचे. पूर्वी मामा मधूनमधून उठून, पंप चालू आहे ना म्हणून त्याला हात लावून यायचे.

"कडंनं बघा मामा, लुकलुकतंय का?" यानं विचारलं.

मामांनी आज्ञाधारकपणे मान वळवली. "न्हाय रे. म्हशीची धार काढल्यागत वाटतंय." आणि त्यांनी खुर्चीत मांडीच घातली.

पुढं एका दुपारी पंपाची वीज गेली. पंप थांबला, रीडिंग थांबलं. पडद्यावरचं दूध डौलात वाहत राहिलं आणि मामा बघत राहिले. खरं दूध थंड टाकीत पोचलंच नाही. होतं तिथं नासलं. मामांना खुर्चीतून उठवून क्रेट धुवायला पाठवलं.

हे ऐकल्याबरोबर तो निघाला. मी मागोमाग.

"साहेब, मामांची चूक न्हाय," तो मॅनेजरला म्हणाला. "माझं चित्र खोटं बोललं."

मॅनेजरनं पडदा निरखला. "कुठं खोटं? किती छान चाललंय."

"तीच चूक हाय की. पंप बंद करून बघा."

पंप बंद केला. दूध वाहत होतं. दोन कारकून कौतुकानं जवळ आले. "पंप बंद असून चालतंय? लई भारी."

स्वतःच्या कामाला नावं ठेवा म्हणून विनवणारा माणूस मी तेव्हाच पाहिला, आणि ठेवायला कुणी तयार नव्हतं. मीही माझं सगळं वक्तृत्व पणाला लावलं. मॅनेजरनं चहा मागवला. "चित्र ते चित्र," ते म्हणाले. "पंप बघायचं काम माणसाचं."

बाहेर नळाखाली बसलेले मामाच उलट त्याची समजूत घालत होते. "जाऊ दे रे पोरा. गार पाण्यात हाताला बरं वाटतंय."

परत येऊन त्यानं सगळं उपटून टाकलं आणि पहिलीच पद्धत घातली. रीडिंग आलं की पडदा पुसायचा, चित्र काढायचं. रीडिंग नाही तर पडदा कोरा.

"लुकलुकतंय रे," मी म्हणालो.

"लुकलुकू दे. जित्तं हाय एवढं तरी कळतंय."

डेअरीची तक्रार आली, आधीचं छान होतं म्हणून. यानं बदललं नाही. मामांना काही कुणी परत खुर्चीवर बसवलं नाही. पावसाळ्याआधी तो चंदगडला गावी गेला, काजू बघायला म्हणून. तो आलाच नाही. फोन लावला की वाजत राहतो.

परवा डेअरीत गेलो होतो. पडद्यासमोरचा नवा माणूस मोबाइलमध्ये बुडालेला. बाहेर मामा क्रेट धुवत होते. बसायची जागा त्यांनी थोडी सरकवली होती. आता पडद्याच्या खोलीची खिडकी त्यांच्या एका अंगाला येत होती.

"काय मामा, कसं काय?"

मामांनी मान वळवली नाही. हात चालू, नजर क्रेटवर.

"लुकलुकतंय," ते म्हणाले. "पंप चालू हाय."