भुजंगनं मोडलेली होडी

शहागडच्या भुजंगला पैठणच्या वर, इंग्रजी मुलखात, लेकीकडं कायमचं राहायला जायचं होतं. होडी मात्र मागं ठेववत नव्हती. ती त्यानं स्वतःच्या हातानं बांधली होती. गोदावरीत ती जास्त डुलते की तिच्या कौतुकानं भुजंग, यावर गावात पैजा लागत.

करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर कारकुनानं समजावलं, "होडी निजामाच्या हद्दीबाहेर न्यायची तर इथल्या दफ्तरातून नाव काढा, महसूल भरा, मंग तिकडं नवी नोंद करा. घरसामानाला माफी हाय."

महसुलाचे पैसे कनवटीला होते, पण भुजंगची हुशारी उसळली. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "गोजरे, होडी मोडून फळ्या नेऊ. फळ्या म्हंजे घरसामान!"

"अन् पुन्हा जोडता येईल का?"

"बिलकुल! बांधली कोणी व्हती?"

फळ्या नाक्यावरून फुकट सुटल्या. भुजंग गाडीत मिशांना पीळ देत बसला. पण उन्हानं फळ्या वाळून वाकल्या. लेकीच्या गावी भोकाला भोक जुळेना. कशीबशी जोडून पाण्यात सोडली, की होडी तळाशी.

शेवटी जावयानं त्या फळ्यांचं गोठ्याला दार केलं. संध्याकाळी गुरं बांधताना भुजंग दारावर तळवा टेकून उभा राही.

"भरला असता महसूल, तर काय गेलं असतं?" तो पुटपुटे.

टोमण्याची एकही संधी न सोडणारी गोजरबाई तेवढ्या वेळात उरलेली गुरं स्वतःच बांधून घेई.